कांद्याच्या मानेत एक पेर

मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पानं राहतात. लग्नकार्यात कुणी समोर येऊन "ओळखलंस का?" असं विचारलं की माझी पंचाईत होते. पण त्याच बाईच्या परसातल्या वांग्याचं पान लवदार होतं की गुळगुळीत, हे मी वीस वर्षांनीही सांगू शकते. घरचे हसतात. हसू देत. या एका गोष्टीचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही, कारण तो फुकट मिळालेला नाही. त्याच्या मुळाशी माझ्या हातून झालेली एक मोठी चूक आहे. ती मी आजवर तोंडानं पुष्कळदा सांगितली, आता लिहून ठेवते.

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. आम्ही नाशिकच्या एका कामगार कॉलनीत राहायचो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. कॉलनीतल्या मुली शिकल्या की शिक्षिका व्हायच्या, नाहीतर नर्स. मी शेतकी कॉलेजात नाव घातलं तेव्हा शेजारच्या काकू आईला म्हणाल्या होत्या, "शेत तर नाही तुमच्याकडे, मग ही शिकून नांगरणार काय? कुंडी?" आईला वाईट वाटलं. मी मात्र विहारात रविवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मी शेतीशास्त्राची पदवी घेऊनच येणार. तोंड वाजवायची सवय मला तेव्हापासूनच.

कॉलेजात दुसऱ्या वर्षी कीटकशास्त्राच्या सरांनी आमच्या हातात कपाशीची दोन पानं दिली आणि डोळे मिटायला सांगितलं. एक पान बोटांना वहीच्या पुठ्ठ्यासारखं सरळ लागलं. दुसरं मांजराच्या कानासारखं. मग त्यांनी भिंगाखाली दाखवलं. दुसऱ्या पानाच्या मागच्या बाजूला, शिरांवर, बारीक केसांचं रान होतं. हिरवे तुडतुडे शिरेत सोंड खुपसून रस पितात आणि तिथंच अंडी घालतात. या रानात त्यांना शिरेपर्यंत पोचताच येत नाही. पहिल्या पानाच्या कडा लाल होऊन मुडपल्या होत्या, दुसरं पान तसंच टवटवीत. सर म्हणाले, "औषधाची बाटली नंतर उघडा, आधी पान बघा." ते वाक्य मी त्या दिवशी उचललं ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही.

त्यानंतर मला वेडच लागलं. टोमॅटोची फूट खुडली की बोटं हिरवट-काळी का होतात, तर पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात आणि बारकी कीड त्यात पाय अडकून मरते. ज्वारीच्या काही वाणांचं पान चमकतं, त्यावर खोडमाशी अंडी घालायला नाखूश असते. पण एका किडीला जे दार बंद, ते दुसरीला उघडं, असंही असतं. तीच लवदार कपाशी पांढऱ्या माशीला मात्र आवडते. सर ते मुद्दाम सांगायचे, आम्ही जास्त शेफारू नये म्हणून. मी शेफारायची ती शेफारलेच.

पदवी मिळाली आणि नाशिकजवळच्या एका संशोधन केंद्रावर मला नोकरी लागली. काम कांद्याचं. कांद्याचं नाव ऐकून मी जरा हिरमुसले होते, कारण कांद्याच्या पातीवर ना केस ना काटे. पोकळ हिरव्या नळ्या, वर मेणाचा हात फिरवलेला. त्यात बघायचं काय?

काय बघायचं ते मला आत्यानं दाखवलं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. निफाडकडच्या एका खेड्यात तिची सव्वादोन एकर जमीन होती. आतोबा लवकर गेले. एक मुलगी, ती मालेगावला दिलेली, जावई यंत्रमागावर. शेत आत्या एकटीच बघायची. कधीमधी पातीच्या जुड्या घेऊन पंचवटीच्या भाजीबाजारात यायची आणि जाताना आमच्या घरी चहा पिऊन जायची. तिच्या रानात एक वर्षाआड कांदा असायचा, मधल्या वर्षी गहू-हरभरा. बी घरचंच. आमच्याकडं कांद्याच्या बियाला उळं म्हणतात. आत्याचं उळं तिच्या सासूपासून चालत आलेलं होतं आणि ते ती कुणाला देत नव्हती. खरं सांगायचं तर कुणी मागतही नव्हतं. गावातल्या बागायतदारांच्या घरातलं कोणी आत्याच्या ओट्यावर कधी टेकलं नव्हतं, मग तिचं उळं मागणं तर लांबच.

नोकरीच्या पहिल्याच फेब्रुवारीत मी रविवारी तिच्याकडे गेले. त्या वर्षी ऊन लवकर चढलं होतं आणि सगळीकडे फुलकिडे पडले होते. फुलकिडा म्हणजे अर्ध्या तिळाएवढी पिवळट कीड. पात खरवडते आणि रस चाटते, मग पातीवर पांढरे चट्टे पडतात, पात मुरडते आणि कांदा पोसत नाही. बांधापलीकडच्या शेजाऱ्याचं रान दुरून चुना शिंपडल्यासारखं दिसत होतं. हा शेजारी म्हणजे गावातला मोठा बागायतदार. त्यानं तीनदा फवारलं होतं. आत्यानं एकदाच, तेही पंपात कपडे धुवायच्या साबणाचं पाणी घालून, म्हणजे औषध मेणावरून घरंगळून न जाता पातीला धरून राहील. तिच्या रानातही चट्टे होते, पण सगळीकडे सारखे नव्हते. चार झाडं पांढरी, मधलं एक हिरवंगार. परत सहा पांढरी, दोन हिरवी.

मी भिंग काढलं, पांढरा कागद काढला, मोजायला लागले. आत्या खुरपं बाजूला ठेवून माझी गंमत बघत होती.

"काय करती गं?"

"कोणत्या झाडावर किडे जास्त ते बघते."

"त्याला येवढं सामान कशाला?" ती म्हणाली आणि खाली वाकून एका कांद्याच्या मानेत तिनं तर्जनी घातली. मान म्हणजे जिथून सगळ्या पाती फुटतात तो भाग. "ह्यात बोट जात नाय. आत लय असतील." मग शेजारच्या हिरव्या झाडात घातली. बोट पहिल्या पेरापर्यंत अलगद आत गेलं. "ह्यात जातंय. ह्यात नसतील."

मी हसले. मग कागदावर झटकून बघितलं आणि हसू थांबलं. जिथं बोट जात नव्हतं तिथून कागदावर किड्यांची नुसती वळवळ पडली. जिथं पेर आत जात होतं तिथं दोन-तीन किडे. मी वीस झाडं बघितली, चाळीस बघितली. आत्या आधी बोट घालून सांगायची आणि मी मागून मोजायची. ती दोनदा चुकली. बस्स.

मग मी खाली बसून नीट बघितलं. पांढऱ्या पडलेल्या झाडांच्या पाती चपट्या होत्या आणि मानेपाशी एकमेकींना घट्ट चिकटून वर गेल्या होत्या. त्या चिकटलेल्या फटीत किड्यांना सावली, ओल आणि आडोसा, सगळं आयतं. औषधही तिथं पोचत नाही. हिरव्या झाडांच्या पाती गोल नळीच्या होत्या आणि मुळापासून फाकलेल्या. आत ऊन जात होतं, वारा जात होता, फवारा जात होता. किडीला लपायला जागाच नाही. ना केस, ना काटा, ना चिकट थेंब, नुसतं पाती अंतरावर ठेवणं. मला इतका आनंद झाला की मी वाफ्यातच उड्या मारल्या. आत्या ओरडली, "अगं रोपं तुडवशील!"

"तुला हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? निंदताना हात तितंच जातोय की," ती म्हणाली. "आन् पात पांढरी पडल्यावर कुणालाबी दिसतं. बोटाला आदी कळतं."

सोमवारी मी केंद्रावर मोठ्या साहेबांसमोर पातींमधला कोन मोजायचा कोनमापक, वही आणि मोजणी घेऊन उभी राहिले. साहेब कडक पण न्यायी माणूस. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. त्या झाडांचे कांदे वेगळे काढून आणा. इथं लावू, बी धरू, मग बोलू." मी आठवडाभर केंद्रात मिरवत होते. सांगताना मी "आमच्या आत्याच्या शेतात मला असं आढळलं" असं म्हणायची. आत्याच्या बोटाचा उल्लेख त्यात नसायचा. आज ते लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

एप्रिलमध्ये कांदा काढणीला आला आणि नेमकं तेव्हाच मालेगावला माझ्या आतेबहिणीचं दुसरं बाळंतपण आलं. आत्यानं कांदा उपटून घेतला, वाफ्यातच पातीखाली झाकून सुकत ठेवला, निम्म्याची पात कापून घेतली आणि तिला जावंच लागलं. मला निरोप आला की राहिलेला कांदा कापून चाळीत भरायला थांब, बाया सांगितल्यात. चाळ म्हणजे वारा खेळता राहील अशी कुडाची लांब खोली, तिच्यात कांदा पावसाळाभर टिकतो. मी आठ दिवसांची रजा टाकून गेले. फार मोठ्या ऐटीत गेले. आता घरची शेती शास्त्रशुद्ध होणार होती.

कांद्याची पात कापायची एक रीत असते. मानेला बोटभर देठ ठेवून बाकी कापायची, म्हणजे कांदा सडत नाही. बायांना मी देठ किती ठेवायचा ते काडी घेऊन दाखवलं. त्या पदराआड हसत होत्या, त्यांचे हात माझ्या जन्माच्या आधीपासून कांदा कापत होते. सगळा ढीग झाला. निवडून, आकाराप्रमाणे वेगळा करून, चाळीत भरूनही झाला. शेवटच्या दिवशी मला निंबाच्या झाडाखाली पोत्यावर ठेवलेला एक लहानसा ढीग दिसला. दोन-अडीच पाट्या असेल. त्या कांद्यांची पात कापलेलीच नव्हती. वाळलेली लांब पात तशीच, आणि पाच-पाच कांदे त्याच पातीनं एकत्र बांधलेले. काही कांदे लहान होते, काही जरा लांबट.

बायांची कामचुकारी, मला वाटलं. बाया घरी गेल्या होत्या. मी स्वतः विळा घेऊन बसले आणि सगळी पात कापली. छान, सारखी, बोटभर देठ ठेवून. मग ते कांदे आकाराप्रमाणे चाळीतल्या ढिगांत टाकले. एवढंच करून थांबले नाही. बियाण्याला कांदे निवडणं राहिलंच आहे म्हणून सगळ्या चाळीतून गोल, लालभडक, एका डोळ्याचे, म्हणजे आत एकच कोंब असलेले, देखणे कांदे काढले, कॉलेजात शिकवले होते अगदी तसे, आणि "बियाण्यासाठी" अशी चिठ्ठी लावून टोपलीत ठेवले. कापलेली पात उकिरड्यावर टाकली. अंगण झाडलं. आत्या येऊन बघेल तेव्हा खूश होईल, या विचारानं मी खूश होते.

आत्या आली ती संध्याकाळी चारच्या गाडीनं. नातीचं कौतुक सांगत अंगणात शिरली आणि बोलता बोलता निंबाखाली बघून थांबली.

"हितले कांदे कुटंयत?"

"कापले की. पात तशीच ठेवली होती बायांनी."

"बायांनी नाय," आत्या म्हणाली. "म्या ठेवली व्हती."

मी चिठ्ठी लावलेली टोपली पुढं केली. ती तिनं बघितलीही नाही. ती निंबाखाली पोत्यावर बसली आणि म्हणाली, "पात कुटंय?"

"उकिरड्यावर."

मग तिनं सांगितलं, आणि मला जे कळायला चार वर्षांचं कॉलेज पुरलं नाही ते पाच मिनिटांत कळलं. फेब्रुवारीपासून निंदताना ती मानेत बोट घालून बघायची. ज्यात पेर आत जायचं आणि जे शेवटपर्यंत हिरवं राहायचं, ते झाड ती काढणीला वेगळं उपटायची. त्याची पात कापायची नाही, ही खूण. तिच्या सासूचीही हीच खूण. कारण एकदा पात कापली की सगळे कांदे सारखे. लाल, गोल, मुके. फाकलेल्या पातीचा कोणता आणि चिकटलेल्या पातीचा कोणता, हे सांगायला जगात कुणीच उरत नाही. सगळं गाव बियाण्याचा कांदा ढिगातून निवडायचं, रंग बघून. मीही तेच केलं होतं. महिनाभर साहेबांपुढं पात-पात करणारी मी, कांदा हातात आल्याबरोबर पात विसरले. साहेबांनी वेगळे मागितलेले कांदेही मला आठवले नाहीत.

"मागच्या खेपेचं उळं असेल ना डब्यात?" मी विचारलं.

"त्याला आता कोंब येतो व्हय? दुसरं वरीस लागलं," ती म्हणाली. कांद्याचं बी जेमतेम वर्षभर जिवंत राहतं, हे मला परीक्षेत आलं होतं. मी पूर्ण गुण मिळवले होते.

ती मला एक शब्द वाकडा बोलली नाही. त्यापेक्षा तिनं विळा फेकून मारला असता तरी चाललं असतं. रात्री जेवताना तिनं मला भाकरीबरोबर लोण्याचा गोळा वाढला, मालेगावहून आणलेला. मी रडले. ती म्हणाली, "रडून पात फुटती का? जेव."

केंद्रावर साहेबांनी विचारलं, "कांदे आणले का?" मी म्हणाले, "सडले, साहेब." खोटं बोलले. सरळ खोटं. नोकरीचं पहिलं वर्ष होतं, आणि कॉलनीतल्या काकूंचं ते वाक्य अजून माझ्या कानात होतं.

पण झोप लागेना. पंधरा दिवसांनी, मे महिन्यातल्या एका दुपारी, घरी खांबाला टेकून पुस्तक चाळत असताना मला एकदम लक्षात आलं, की पात फुटते. रडून नाही, पण लावल्यावर फुटते. बियाण्यासाठी ऑक्टोबरात कांदा लावला की त्याला आधी पात येते, मग फुलाचा दांडा. म्हणजे ते कांदे चाळीतून हरवलेले नव्हते. त्यांची ओळख हरवली होती, आणि ती ते स्वतःच पुन्हा सांगणार होते, फक्त सगळ्यांनाच मातीत लावावं लागणार होतं. मी तशीच गाडी पकडून आत्याकडे गेले.

"समदे?" आत्या म्हणाली. "चाळ समदी लावायची?"

"सगळी नाही. पण जेवढी जमीन देशील तेवढी. आणि पाऊस संपेपर्यंत यातला कांदा विकायचा नाही."

तिनं चाळीकडे बघितलं. त्या चाळीवर तिचं वर्ष चालायचं. शेवटी तिनं विहिरीकडची निम्मी चाळ ठेवली, कारण ते कांदे मी त्याच बाजूच्या ढिगांत टाकले होते, आणि निम्मी विकली. माझी देखणी टोपली मात्र तिनं आधी भाजीत घातली. चार दिवस त्या घरात कांद्याचीच भाजी होती, आणि दर जेवणाला ती मला वाढताना म्हणायची, "घे, शास्त्राचा कांदा हाय." तेव्हा मी पहिल्यांदा हसले.

त्या वर्षी गव्हाच्या निम्म्या रानात कांदेच लावले. दर रविवारी मी जायची. नोव्हेंबरात पात वीतभर झाली. मी कोनमापक घेऊन एका सरीत, आत्या बोट घेऊन दुसऱ्या सरीत. आधी मी हट्टानं प्रत्येक झाडाचा कोन वहीत लिहायची. तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की ती पाच सऱ्या संपवते तेव्हा माझी एक होते, आणि तिच्या निवडीवर कोनमापक ठेवला तर तो जवळजवळ तेच सांगतो. मी कोनमापक पिशवीत टाकला आणि मानेत बोट घातलं. पहिल्यांदा काहीच कळेना. सगळ्या माना सारख्याच. मग हळूहळू कळायला लागलं. घट्ट मान बोट ढकलते, पाती चिकटून राहतात. मोकळ्या मानेत बोट आपण होऊन उतरतं, आत थंड लागतं, आणि पेरापाशी थांबतं. जिथं बोट अडलं ते झाड उपटायचं. फुलाचा दांडा येण्याआधी उपटायचं, नाहीतर मधमाशा सगळ्यांचं परागण एकत्र करून टाकतात. आम्ही किती झाडं उपटली ते मी मोजलं नाही. बांधावर त्यांचे ढीग पडायचे आणि शेजारचा बागायतदार ते बघून दुसऱ्यांना सांगायचा की सरकारी बाईनं आत्याला खुळं केलंय.

शेवटी चार वाफे भरतील एवढी झाडं राहिली. फेब्रुवारीत त्यांच्यावर पांढरे गोंडे फुलले आणि सगळं रान मधमाशांनी घुमायला लागलं. आत्या त्या चार वाफ्यांजवळून कुणाला जाऊ देईना. उन्हाळ्यात उळं धरलं. काळं, टोकदार, मुठीत खळखळणारं. तिनं ते राख घालून डब्यात भरलं आणि डब्यावरून हात फिरवला. मी तिथं असताना ती प्रथमच बोलली त्याबद्दल. म्हणाली, "सासूला काय सांगितलं असतं म्या?" तिची सासू जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

पुढच्या हंगामात ते उळं टाकलं, रोपं लावली, आणि परत कडक फेब्रुवारी आला. बांधापलीकडे पांढरं, बांधाअलीकडे हिरवं. सगळं हिरवं होतं असं मी म्हणणार नाही, पांढरी झाडं आमच्यातही होती, पण बांधावर उभं राहिलं तर फरक सांगायला भिंग लागत नव्हतं. बागायतदार दोनदा येऊन बांधावर उभा राहून गेला.

त्याच महिन्यात आमच्या केंद्रानं त्या गावच्या शाळेच्या पटांगणात शेतकरी मेळावा ठेवला. साहेब अध्यक्ष. मला भाषण दिलं होतं. विषय माझा आवडता, पानाची रचना आणि कीड. मी जोरात बोलले. कपाशीची लव सांगितली, टोमॅटोचा चिकटपणा सांगितला, आणि कांद्याच्या फाकलेल्या पातीवर आले तेव्हा सगळं पटांगण पुढं सरकून ऐकत होतं. "म्हणून अशा झाडांचे कांदे बियाण्याला धरा," असं म्हणून मी टाळ्यांची वाट बघत थांबले.

पहिल्या रांगेतून आत्या उठली. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

"म्याडम," ती म्हणाली. घरात मला पोरी म्हणणारी बाई. "पात कापल्याव मंग कसं वळखायचं?"

मला एका क्षणात सगळं कळलं. ती दोन वर्षं काही बोलली नव्हती ती या प्रश्नासाठी थांबली होती की काय, असं वाटलं. साहेब माझ्याकडे बघत होते. काहीतरी गोलगोल बोलून निसटता आलं असतं, मला तेवढं बोलता येत होतं.

"नाही ओळखता येत," मी म्हणाले. "कुणालाच नाही. म्हणून पात कापायची नसते. मी कापली होती." आणि मग मी सगळं सांगितलं. निंबाखालचा ढीग, विळा, उकिरडा, माझी चिठ्ठी लावलेली टोपली. हे बोट माझं नव्हे, आत्याचं आणि तिच्या सासूचं, हेही सांगितलं. साहेबांकडे वळून म्हणाले, "कांदे सडले नव्हते, साहेब. मी खोटं सांगितलं." पटांगणात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेबांनी मान हलवली आणि फक्त म्हणाले, "पुढं सांगा."

तोवर आत्या टेबलापर्यंत आली होती. तिनं पिशवीतून वाळलेल्या पातीसकट एक कांदा काढून टेबलावर ठेवला आणि लोकांकडे तोंड केलं.

"ज्याला उळं पाह्यजे त्यानं घरी यावं," ती म्हणाली. "देईन म्या. पर कोन्तं झाड ठिवायचं ते हिला इचारायचं. मला नाय, हिला. हिच्या हातनं एकडाव गेलंय, आता जायाचं नाय."

ती जाऊन जागेवर बसली. मी टेबलाची कड धरून उभी होते आणि माझे डोळे भरून आले होते, ते सगळ्यांना दिसत होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मागून बागायतदार उभा राहिला. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. आधी त्यानं आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई," तो म्हणाला, "बोट किती आत जायाला पाह्यजे?"

मी आत्याकडे बघितलं नाही. उजव्या हाताची तर्जनी वर केली आणि अंगठ्यानं खूण दाखवली.

"एक पेर," मी म्हणाले.